चार ओळींची चौकट

ऱ्हस्व-दीर्घ एकही चुकलेलं नव्हतं. अनुस्वार जागच्या जागी, स्वल्पविराम जागच्या जागी. मुलांच्या एका मासिकाच्या डिसेंबर अंकातली ती चौकट मी तीनदा वाचली होती आणि समासात बरोबरची खूण करून पुढचं पान घेतलं होतं. चारच वाक्यं होती:

'येशू ख्रिस्ताचा जन्म इ.स. १ मध्ये २५ डिसेंबरला बेथलेहेमच्या गोठ्यात झाला. रोमन लोकांचा सूर्याचा सण होता, तोच पुढे नाताळ झाला. ख्रिसमस ट्री सजवण्याची प्रथा मार्टिन ल्यूथरने सुरू केली. सांताक्लॉजला लाल कपडे कोका-कोला कंपनीने दिले.'

बावीस वर्षं मी प्रुफं तपासते आहे. आमच्या धंद्यात एक सोयीची समजूत असते: मजकूर खरा की खोटा ते लेखकाने बघावं, आपण शुद्ध की अशुद्ध तेवढं बघावं. अंक निघाला आणि जानेवारीत मासिकाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. सातवीतल्या मुलीचं, ओळी उजवीकडे खाली घसरत गेलेल्या. 'संपादक काका, येशूला मारायला निघालेला हेरोद राजा इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला असं माझ्याकडच्या पुस्तकात आहे. मग येशूचा जन्म इ.स. १ मध्ये कसा झाला? आणि लोक नाताळ का साजरा करतात ते तुम्ही लिहिलंच नाही.'

संपादकांनी कार्डाचा फोटो काढून मला पाठवला. खाली एवढंच: 'ताई, हे तुमच्याकडे.' माझ्याकडे का, असं विचारणार होते. पण चौकट तीनदा वाचली होती मीच.

उत्तर दोन दिवसांत लिहून टाकू असं वाटलं होतं. तीन आठवडे गेले.

पहिल्या वाक्यातच पाय रुतला. नव्या करारात येशूच्या चरित्राची चार शुभवर्तमानं आहेत. त्यातला मार्क थेट मोठ्या येशूच्या बाप्तिस्म्यापासून सुरुवात करतो, योहानही जन्माची गोष्ट सांगत नाही. ती सांगतात फक्त मत्तय आणि लूक, आणि दोघांची गोष्ट वेगळी. मत्तयाकडे तारा आहे, पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक आहेत, बाळांच्या जिवावर उठलेला हेरोद आहे. लूककडे शिरगणती, रात्री कळप राखणारे मेंढपाळ आणि गव्हाणीत निजवलेलं बाळ. आपण चित्रात बघतो ती या दोन कथांची खिचडी, वर बरीच फोडणी. ज्ञानी लोक तीन होते असं मत्तय कुठेच म्हणत नाही. भेटी तीन होत्या, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून माणसं तीन धरली. पुढे त्यांना राजे करून मुकुटही चढवले. गोठ्याचंही तसंच. लूक फक्त गव्हाण म्हणतो, भोवतीचा गोठा वाचणाऱ्यांनी बांधला. बैल आणि गाढव तर दोघांकडेही नाहीत. जुन्या करारात यशयाच्या तोंडी एक तक्रार आहे, की बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला आपल्या मालकाची गव्हाण कळते, पण माझ्या लोकांना काही कळत नाही. त्या ओळीतून ही जनावरं उठली आणि बाळाशेजारी येऊन बसली. १२२३ च्या नाताळात असिसीच्या फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल, खरं गाढव आणि गवत आणून देखावा मांडला, त्यानंतर त्यांना तिथून हलवणं कोणाला शक्यच नव्हतं.

आता साल. 'प्रभूच्या वर्षात' अशी कालगणना सुरू केली ती ५२५ च्या सुमारास, रोममधल्या डायोनिसियस एक्झिगुअस या संन्याशाने. त्याला इतिहास लिहायचा नव्हता, ईस्टरच्या तारखांची कोष्टकं करायची होती. तोवर चालत आलेली वर्षगणना डायोक्लेशियन या ख्रिश्चनांचा छळ करणाऱ्या बादशहापासून मोजली जायची. त्याचं नाव पानोपानी लिहायला डायोनिसियसचं मन घेईना. म्हणून त्याने येशूपासून मोजणी मांडली, आणि ती काही वर्षांनी चुकली. हेरोदाचा मृत्यू बहुतेक अभ्यासक इ.स.पू. ४ मध्ये धरतात. मत्तयाप्रमाणे हेरोद जिवंत असताना येशू जन्मला, म्हणजे ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व ६ ते ४ च्या दरम्यानचा. हे वाक्य मी कुणाच्या प्रुफात वाचलं असतं तर लाल पेनाने गोल केला असता. त्यातून लूक ज्या शिरगणतीचा उल्लेख करतो, ती सीरियाच्या क्विरिनियस या रोमन सुभेदाराची शिरगणती इ.स. ६ मधली, म्हणजे हेरोद जाऊन नऊ वर्षं झाल्यावरची. कार्डवाली मुलगी बरोबर होती. तिला अजून लूक सापडला नव्हता हे मासिकाचं नशीब.

तारखेची गत त्याहून अवघड. दोन्ही कथांत ना महिना आहे ना दिवस. सुरुवातीच्या ख्रिश्चनांना तो फारसा हवाही नसावा. तिसऱ्या शतकातला ऑरिजेन हा पंडित वाढदिवसांवरच वैतागलेला होता: धर्मग्रंथात वाढदिवस साजरे करताना दिसतात कोण, तर इजिप्तचा फारो आणि हेरोद. (हा हेरोद दुसरा, पहिल्याचा मुलगा. त्या घराण्यात नावांची टंचाई होती.) श्रद्धेपायी मारल्या गेलेल्यांचा दिवस पाळायचा तो मृत्यूचा, आणि त्या मृत्युदिनालाच लॅटिनमध्ये 'नातालिस' म्हणायचे, म्हणजे जन्माचा दिवस, स्वर्गातल्या जन्माचा. इथे मी थांबले, कारण हा शब्द माझ्या रोजच्या ओळखीचा निघाला. नातालिसचं पोर्तुगीजमध्ये झालं 'नाताल' आणि मराठीत आलं 'नाताळ'. १४९७ च्या नाताळात वास्को द गामाची जहाजं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून किनाऱ्याकिनाऱ्याने चालली होती, तेव्हा त्या किनाऱ्यालाही त्याने हेच नाव ठेवलं. आणि 'एक्समस' या इंग्रजी रूपातला एक्स बघून धर्म बुडाला म्हणणाऱ्यांसाठी: तो एक्स नाही, ग्रीक 'खी' आहे, ख्रिस्त या शब्दाचं ग्रीकमधलं पहिलं अक्षर. शतकानुशतकं लेखनिक जागा वाचवायला ते वापरत आले आहेत. जागा वाचवणाऱ्या माणसांबद्दल मला मुळातच आदर आहे.

२५ डिसेंबरचा सगळ्यात जुना लेखी पुरावा ज्याच्या हातचा आहे तो तर आमच्याच जातकुळीतला माणूस. फुरियुस डायोनिसियस फिलोकॅलस, सुलेखनकार. इ.स. ३५४ मध्ये त्याने रोममधल्या व्हॅलेंटिनस नावाच्या धनिकासाठी एक सचित्र दिनदर्शिका तयार केली. मूळ प्रत गेली, नकलांच्या नकला राहिल्या. त्यात हुतात्म्यांच्या दिवसांची एक यादी आहे, ती आणखी जुनी, ३३६ च्या सुमाराची. तिच्या पहिल्याच नोंदीत २५ डिसेंबरसमोर लिहिलंय, की ख्रिस्त यहूदियातल्या बेथलेहेमात जन्मला. आणि त्याच हस्तलिखितात सरकारी सणांचं पान उघडलं तर त्याच तारखेसमोर: 'अजिंक्याचा जन्मदिवस, शर्यती ३०.' अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, सोल इन्विक्टुस, शर्यती रथांच्या. एका माणसाने, एका शाईने, एका तारखेला दोन जन्म नोंदवून ठेवले आणि शेरा काहीच मारला नाही.

चौकटीतलं दुसरं वाक्य इथून निघालं. चर्चने सूर्याचा सण पळवला, हे दर डिसेंबरला कुणीतरी मोठ्या उत्साहाने फोनवर पाठवतं. खरं सांगायचं तर मलाही ते आवडायचं. गुपित कळल्याचा आनंद असतो त्यात. पण बारकाईने बघितलं तर धागे तुटतात. रोमन लोकांचा धमाल सण सॅटर्नेलिया, तो १७ डिसेंबरला सुरू होऊन २३ ला संपायचा. ऑरेलियन बादशहाने २७४ मध्ये रोमला सूर्याचं मोठं देऊळ उभं केलं हे खरं, पण सूर्याचा २५ डिसेंबरचा जन्मदिवस पहिल्यांदा लिहिलेला सापडतो तो याच फिलोकॅलसच्या वहीत, ख्रिस्ताच्या नोंदीच्या जोडीला. कुणी कुणाचं उचललं ते या एका वहीवरून ठरत नाही.

दुसरा एक हिशोब आहे, आणि मला तो जास्त पटतो, कारण त्याला कारकुनी वास आहे. येशूला क्रुसावर दिलं ती तारीख इ.स. २०० च्या आसपास टर्टुलियन या ख्रिश्चन लेखकाने २५ मार्च अशी दिली आहे. थोर माणसाचं आयुष्य अर्धवट आकड्यांचं नसतं, तो ज्या तारखेला जातो त्याच तारखेला आईच्या पोटी आलेला असतो, अशी एक कल्पना होती. ऑगस्टीन या ख्रिश्चन धर्मपंडिताने तर लिहूनच ठेवलंय, की गर्भधारणा आणि मरण दोन्ही २५ मार्चला. आता बोटं मोजा: २५ मार्चपासून नऊ महिने. पूर्वेकडच्या ख्रिश्चनांनी मरणाची तारीख ६ एप्रिल धरली होती. तिथून नऊ महिने मोजले की ६ जानेवारी येते, आणि आर्मेनियन चर्च येशूचा जन्म आजही ६ जानेवारीलाच पाळतं.

याचा अर्थ सूर्याचा काहीच संबंध नाही असं नाही. २५ डिसेंबर हा रोमन दिनदर्शिकेत उत्तरायण लागण्याचा मानलेला दिवस होता, आणि अंधार संपून उजेड वाढू लागण्याचं रूपक कुठला प्रवचनकार हातचं जाऊ देईल? रूपक इतकं चिकटलं की पाचव्या शतकात पोप लिओ नाताळच्याच प्रवचनात रागावलेला सापडतो: लोक संत पीटरच्या चर्चच्या पायऱ्या चढतात, आत शिरण्याआधी मागे वळतात आणि उगवत्या सूर्याला मान लववतात! मला ती माणसं फार जवळची वाटली. आत एक, दारात एक, दोघांनाही नमस्कार. कुणाशी वाकडं नको.

(जानेवारीतल्या नाताळबद्दल थोडक्यात. रशियन आणि इतर काही ऑर्थोडॉक्स चर्चं ७ जानेवारीला नाताळ करतात, पण त्यांच्या लेखीही ती २५ डिसेंबरच आहे, जुन्या ज्युलियन पंचांगातली. १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने दिनदर्शिका दुरुस्त केली, ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणला. ज्यांनी दुरुस्ती मानली नाही ते मागे पडत गेले, सध्या १३ दिवसांनी. २१०० नंतर हे अंतर १४ होईल आणि त्यांचा नाताळ ८ जानेवारीला येईल. युक्रेनने २०२३ मध्ये ७ जानेवारी सोडून २५ डिसेंबर धरला, त्यामागे मात्र पंचांगापेक्षा युद्ध जास्त होतं.)

इथवर आल्यावर लक्षात आलं, की मुलीने विचारलेला मोठा प्रश्न तसाच पडून आहे. का साजरा करतात? धर्माचं उत्तर एका ओळीचं आहे: देव माणूस होऊन जन्माला आला. ज्याची श्रद्धा आहे त्याला पुढे विचारायला काही उरत नाही. पण नुसत्या श्रद्धेने लोक बारा दिवस खातपीत नाहीत. (बारा दिवस उगाच म्हटलं नाही, नाताळ ते ६ जानेवारी हा सगळा काळ सणाचा असं ५६७ मध्ये फ्रान्समधल्या तूर इथल्या धर्मसभेने ठरवलं.) खाण्यापिण्याचं कारण शोधायला उत्तरेकडे जावं लागलं, जिथे डिसेंबरात सूर्य जेमतेम डोकं वर काढतो. शेतात काम नसतं. हिवाळाभर पोसता येणार नाहीत ती जनावरं कापलेली असतात, म्हणजे ताजं मांस वर्षातून याच वेळी भरपूर. नव्या धान्याची बिअर तयार असते. सण करायला आणखी काय लागतं? ख्रिश्चन होण्याआधीपासून नॉर्स, म्हणजे नॉर्वेकडचे लोक या दिवसांत 'योल' करत होते. दहाव्या शतकात नॉर्वेच्या हाकोन राजाने, जो इंग्लंडच्या दरबारात ख्रिश्चन म्हणून वाढला होता, योल सरकवून नाताळला जोडला. तेराव्या शतकात स्नोरी स्टुर्लुसनने लिहिलेल्या राजांच्या गोष्टींत या कायद्याचं कलमही दिलंय: प्रत्येकाने ठरावीक मापाच्या धान्याची बिअर गाळायची, ती संपेपर्यंत सण पाळायचा, नाही गाळली तर दंड.

आता त्याच्याशेजारी हे ठेवा. अटलांटिकच्या पलीकडे, मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत, १६५९ चा कायदा: काम बंद ठेवून, मेजवानी करून किंवा कुठल्याही रीतीने नाताळ पाळताना कोणी सापडला तर पाच शिलिंग दंड. तोही ख्रिश्चनांनी ख्रिश्चनांना केलेला. एका ठिकाणी साजरा केला नाही म्हणून दंड, दुसऱ्या ठिकाणी केला म्हणून.

हे दुसरं प्रकरण मला आधी अजिबात माहीत नव्हतं आणि त्याच्यातच माझा एक आठवडा गेला. प्युरिटनांचं, म्हणजे त्या काळच्या कडक प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांचं, म्हणणं साधं होतं. बायबलात तारीख नाही, सण करा अशी आज्ञा नाही, आणि लोक जे करतात त्यात ख्रिस्त औषधालाही सापडत नाही. तिसरा मुद्दा तर नाकारताच येत नव्हता. तेव्हाचा नाताळ आजच्यासारखा घरगुती नव्हता, रस्त्यावरचा होता. मुखवटे घालून हिंडणं, जुगार, दारू. श्रीमंताच्या दारात टोळक्याने जायचं, गाणं म्हणायचं आणि त्याने खायला-प्यायला दिल्याशिवाय हलायचं नाही. वर्षभर वाकणारे चार दिवस ताठ, आणि मालकांनीही ते सोसायचं, कारण उरलेलं वर्ष त्यांचंच होतं. १६४४ मध्ये इंग्लंडात गंमत झाली. पार्लमेंटने दर महिन्याच्या शेवटच्या बुधवारी उपास ठरवलेला, आणि त्या वर्षी २५ डिसेंबर नेमका त्या बुधवारी आला. खासदारांनी निकाल दिला, की उपास पाळा, तोही जास्त गंभीरपणे. १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर, सगळेच सण रद्द झाले. त्या डिसेंबरात कँटरबरीला नगराध्यक्षाने दुकानं उघडायला लावली, तर लोकांनी उघडलेल्या दुकानांतला माल रस्त्यावर फेकला, दारांना हिरव्या हॉलीच्या फांद्या बांधल्या आणि भर रस्त्यात फुटबॉल खेळले. १६६० मध्ये इंग्लंडात राजेशाही परत आली, मागून सण परत आला. मॅसॅच्युसेट्सचा कायदा १६८१ मध्ये रद्द झाला. पण त्या वळणाच्या लोकांच्या मनातली अढी पुढे कितीतरी वर्षं गेली नाही: स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली १९५८ मध्ये. १९५८! माझ्या आईच्या जन्मानंतर.

म्हणून 'पूर्वापार चालत आलेली परंपरा' असं नाताळबद्दल कोणी लिहिलं की मी आता समासात बारीक प्रश्नचिन्ह काढते. आज डोळ्यांपुढे येतो तो नाताळ, झाड, कार्ड, मुलांना भेटी, दारं लावून घरातल्या घरात जेवण, हा बहुतांशी एकोणिसाव्या शतकात रस्त्यावरून उचलून दिवाणखान्यात आणलेला सण आहे. एकट्या १८४३ मध्ये बघा. डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरोल' ही चिक्कू म्हाताऱ्याची गोष्ट १९ डिसेंबरला बाजारात आली. त्याच वर्षी लंडनमधल्या हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्याने पहिलं छापील नाताळकार्ड काढलं, तेही भक्तीपोटी नाही, तुंबलेल्या पत्रांना उत्तरं लिहायला सवड नव्हती म्हणून. पोस्टाचा दर एक पेनी करण्याच्या खटपटीत तो स्वतःच पुढे होता. पत्रं स्वस्त केली आणि तीच अंगावर आली. चित्र जॉन हॉर्सलीचं: मधोमध कुटुंब पेले उंचावून उभं, त्यात एक चिमुरडीही वाइन पिताना. दारूबंदीवाल्यांनी आरडाओरडा केला. कोलची आठवण मला तेव्हा वारंवार येत होती, कारण एका पोस्टकार्डाला माझं उत्तर तोवर तीन पानांवर गेलं होतं.

झाडाचं लवकर आटोपते. ल्यूथर हा सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक रात्री जंगलातून येत होता, सुरूच्या फांद्यांमधून चांदण्या दिसल्या, घरी येऊन त्याने झाडाला मेणबत्त्या लावल्या, ही गोष्ट छान आहे आणि ती तो गेल्यावर कैक पिढ्यांनी रचलेली आहे. २४ डिसेंबर हा आदम आणि हव्वेचा दिवस. त्यांच्या नाटकात स्वर्गातलं झाड म्हणून सफरचंदं टांगलेलं सदाहरित झाड उभं करत, ते पुढे घरात आलं. १६०५ ची स्ट्रासबुर्गची एक नोंद आहे: लोक खोलीत झाड उभं करतात, त्याला कागदी गुलाब, सफरचंदं, सोनेरी वर्ख आणि मिठाई टांगतात. तिथून जर्मन राजकन्यांबरोबर ते इंग्लंडच्या दरबारात पोचलं. १८४८ मध्ये व्हिक्टोरिया राणी, अल्बर्ट, मुलं आणि मध्ये झाड, असं चित्र लंडनच्या एका साप्ताहिकाने छापलं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या एका बायकांच्या मासिकाने तेच घेतलं, पण राणीचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा खोडून. राजेशाही गेली, कुणाचंही घर झालं, आणि घरोघर झाड आलं. एका खोडरबराची कमाई.

ल्यूथरला मात्र मी पूर्ण सोडलं नाही, कारण चौथ्या वाक्यात तो परत येतो.

निकोलस हा चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप. ते गाव आजच्या तुर्कस्तानात. हुंड्यापायी लग्नं अडलेल्या तीन बहिणींच्या घरात त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, ही त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट. १०८७ मध्ये इटलीतल्या बारी गावच्या खलाशांनी मायराहून त्याच्या अस्थी सरळ उचलून नेल्या. त्याचा दिवस ६ डिसेंबर, आणि मुलांना भेटी मिळायच्या त्या दिवशी, नाताळला नाही. ल्यूथर आणि त्याच्या अनुयायांना संतांची ही पूजा नको होती. त्यांनी भेटी नाताळवर ढकलल्या आणि सांगितलं, की भेट निकोलस देत नाही, बाळ ख्रिस्त देतो, क्रिस्टकिंड. पुढे अमेरिकेत जर्मनांचा हा 'क्रिस्टकिंडल' इंग्रजी कानांवर पडून 'क्रिस क्रिंगल' झाला, आणि क्रिस क्रिंगल हे आज कुणाचं नाव आहे? सांताक्लॉजचं. ज्याला घालवायला आणला त्याचंच टोपणनाव होऊन बसला. अशी चूक कुठल्याही प्रुफात मला सापडलेली नाही.

बाकीचा सांता न्यूयॉर्कच्या आसपास घडला. डच लोकांच्या 'सिंटरक्लास'वरून नाव. २३ डिसेंबर १८२३ ला ट्रॉय गावच्या एका वर्तमानपत्रात निनावी कविता छापून आली. आठ रेनडिअरची घसरगाडी आणि धुराड्यातून उतरणं तिने घराघरात पोचवलं. पुढे क्लेमेंट मूर यांनी ती आपली म्हणून सांगितली. त्या कवितेतला सांता मात्र चिमुकला आहे, गाडीही लहानशी. त्याला उंची आणि उत्तर ध्रुवावरचं घर दिलं टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने. १८६३ च्या त्याच्या पहिल्या चित्रात सांता अमेरिकेच्या झेंड्याचा अंगरखा घालून यादवी युद्धातल्या उत्तरेकडच्या सैनिकांना भेटी वाटतो आहे, चक्क प्रचार. १८८१ पर्यंत नास्टचा सांता गुबगुबीत, लाल झाला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मासिकांच्या मुखपृष्ठांवर लाल सांता सर्रास दिसतो. कोका-कोलासाठी हॅडन सन्डब्लॉमने त्याला रंगवलं १९३१ मध्ये. त्याने गाल रंगवले, नजरेत जिव्हाळा आणला, आणि जाहिरातीच्या जोरावर तोच चेहरा जगभर गेला. कपडे मात्र आधीपासून अंगावर होते.

तर असं ते पत्र झालं. 'का साजरा करतात' याखाली मी शेवटी लिहिलं, की नॉर्वेच्या राजाला, कँटरबरीच्या दुकानदाराला, पत्रांना वैतागलेल्या हेन्री कोलला आणि चर्चच्या दारात सूर्याकडे वळणाऱ्या माणसाला वेगवेगळं विचारलंस तर चार उत्तरं मिळतील आणि चारही खरी असतील. वर संपादकांच्या वतीने चुकीची कबुली आणि पुढच्या अंकात दुरुस्ती छापण्याचं आश्वासन. तीन पानं, दोन्ही बाजूंनी. पाठवण्याआधी, अर्थातच, तीनदा वाचलं.

दहा-बारा दिवसांनी दुसरं कार्ड आलं, या वेळी माझ्या नावाने.

'काकू, पत्र आवडलं. पहिल्या पानावर तुम्ही सांताक्लॉज लिहिलंय आणि तिसऱ्या पानावर सँटा क्लॉज. यातलं बरोबर कोणतं?'